दम लागणे हे नशीब नव्हे!

गेल्या पावसाळ्यात गासला एका जलदान विधीला आम्ही गेलो होतो. जिच्यासाठी तो विधी होता ती ताई पन्नाशीच्या आतली. मूळची मराठवाड्यातली. लग्नानंतर नालासोपाऱ्यात आली आणि पुढे गासच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहू लागली. सकाळी वाडीत भाजी खुडायची, दुपारनंतर दोन घरची धुणीभांडी करायची, असे तिचे आयुष्य. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिले, परित्राणपाठ झाला, मग चार जण दोन शब्द बोलायला उभे राहिले. कुणी म्हणाले, काळाने घाला घातला. कुणी म्हणाले, आली वेळ टळत नाही. एक जण तर म्हणाला, तिचे तेवढेच लिहिले होते.

बुद्धविहारात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे राहून "तिचे तेवढेच लिहिले होते"! कुणी लिहिले होते? कुठे लिहिले होते? ज्या सटवाईच्या लिखाणातून बाबासाहेबांनी आम्हाला १९५६ साली बाहेर काढले, तीच सटवाई जलदान विधीच्या भाषणातून पुन्हा घरात शिरते की काय?

विधी आटोपल्यावर तिच्या मुलाशी बोललो. तो म्हणाला, "काका, आईला तीन दिवस दम लागत होता. नळावरून हंडा आणला की खाली बसायची. म्हणायची, काही नाही रे, जरा थकवा आहे, पावसाने छाती भरली असेल." पहिल्या दिवशी ओवा-सुंठ झाली. दुसऱ्या दिवशी शेजारणीने नजर काढली. संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात नेले, तिथे ॲसिडिटीची गोळी आणि ताकदीचे इंजेक्शन मिळाले. रक्तदाब पाहिला नाही, ईसीजी काढला नाही. ताईला आठ वर्षांपासून मधुमेह आहे हे कुणी विचारले नाही आणि हिनेही सांगितले नाही. तिसऱ्या रात्री तिला घाम सुटला, आडवे पडवेना. पाऊस धो धो, रस्त्यावर पाणी, रिक्षा मिळेना. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, आणि बहुधा तीन दिवसांपूर्वीच सुरू झालेला. मुलगा आम्हालाच विचारीत होता, "पण काका, आईच्या छातीत तर एकदाही दुखले नाही!"

या एका प्रश्नासाठी आजचा हा लेखप्रपंच.

सिनेमाने आपल्याला शिकवले की हार्ट अटॅक म्हणजे माणूस छातीवर हात दाबून कोसळतो. पण बायकांमध्ये, मधुमेही माणसांत आणि वयस्कांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत न दुखताही येतो. मधुमेहाने नसा बधिर होतात, त्यामुळे वेदना जाणवत नाही. अशा वेळी शरीर दुसऱ्या भाषेत बोलते. अचानक दम लागतो, कधी नव्हे असा थकवा येतो, थंड घाम फुटतो, मळमळते. जबडा, पाठ किंवा खांदा भरून येतो. आपण त्याला अशक्तपणा म्हणतो, वारा धरला म्हणतो, गॅस झाला म्हणतो आणि घरीच बसतो. हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिनीला मात्र आपल्या समजुतीशी देणेघेणे नसते. ती जितका वेळ बंद राहते, तितका हृदयाचा स्नायू मरत जातो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या काही तासांतच खरी उपयोगाची. तीन दिवस हे तीन जन्मांइतके लांब असतात!

दम लागणे हा स्वतः रोग नाही. तो शरीराचा निरोप आहे. कारणाशिवाय कार्य घडत नाही ही तथागतांची शिकवण. मग दम लागला की "कारण काय?" हा प्रश्न विचारणे हे बौद्ध म्हणवणाऱ्याचे पहिले काम ठरते. आणि कारणे एक नाही, अनेक आहेत.

बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर किंवा पाय मोडून प्लास्टरमध्ये पडून राहिल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली की माणसाला एका क्षणात धाप लागते, श्वास घेताना कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडते. एकच पाय सुजला असेल आणि त्यात दम लागला असेल, तर एक मिनिटही दवडू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांचे हृदयच कमकुवत होते. घरचे म्हणतात, बाळंतिणीला थकवा यायचाच. सगळाच थकवा बाळंतपणाचा नसतो!

दुसरे कारण आमच्या वस्त्यांच्या दाटीतून येते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात, तिथे लहान मुलांना घशाचा संसर्ग वरचेवर होतो. त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. मूल मोठे होते, मुलीचे लग्न होते, दिवस जातात आणि एक दिवस जिना चढताना तिचा श्वास कोंडतो. वैद्यक याला रुमॅटिक हृदयरोग म्हणते. श्रीमंत देशांतून हा रोग जवळपास हद्दपार झाला. आमच्याकडे तो टिकून आहे, कारण गरिबी टिकून आहे.

तिसरे कारण रक्तात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. घरातले सगळे जेवल्यावर उरलेले खाणाऱ्या आईला दम लागणार नाही तर काय होईल? आणि विदर्भातून मुंबईच्या उपनगरांत आलेल्या बौद्ध कुटुंबांनी, तसेच आमच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी बांधवांनी आणखी एक नाव पाठ करावे, ते म्हणजे सिकलसेल. हा आजार आईवडिलांकडून येतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. अशा रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि दम एकत्र आले तर तो जिवावरचा प्रसंग असतो. केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. लग्नाआधी पत्रिका न पाहणाऱ्या आमच्या समाजाने ही रक्ततपासणी मात्र जरूर पाहावी.

याशिवाय दमा आहे, न्यूमोनिया आहे, क्षयाने छातीत झालेले पाणी आहे, फुप्फुसाला छिद्र पडून निसटलेली हवा आहे, साखर बेसुमार वाढल्यावर लागणारा खोल आणि जलद श्वास आहे. भीतीने आणि मनाच्या ताणानेही दम कोंडतो, हेही खरे. पण "मनाचे खेळ" हा निष्कर्ष सगळ्या तपासण्यांनंतर काढायचा असतो, आधी नव्हे. आमच्या बायकांच्या बाबतीत तो आधीच काढला जातो.

आणि एक कारण असे आहे की ज्याला वैद्यक पुरत नाही, त्यासाठी समाजशास्त्र लागते. मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात एका सोसायटीची सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारमध्ये एका खाजगी सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार जण मेले. या मृत्यूंना वृत्तपत्रे "गुदमरून मृत्यू" म्हणतात. मैल्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला म्हणजे धोका गेला! चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. असा प्रसंग आला तर वरच्यांनी उतरू नये, अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावे, हे प्रत्येक मजुराला माहीत हवे. परंतु मूळ प्रश्न वेगळा आहे. टाकीत उतरवले कुणी? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूला १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. भरपाईचा आकडा वाढला, टाकीत उतरणाऱ्याची जात मात्र बदलली नाही. हा श्वास गुदमरतो तो केवळ वायूने नव्हे, वर्णव्यवस्थेने गुदमरतो!

आता रस्त्याकडे वळू. गास कुठे आहे? नालासोपारा पश्चिमेच्या टॉवरांपासून हाकेच्या अंतरावर. एका बाजूला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला खाडीची सखल जमीन. सनसिटी-गास रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रेल्वे रूळ बुडून लोकल बंद पडल्या होत्या. मोठ्या रुग्णालयासाठी मुंबई गाठावी म्हटले तर महामार्ग. त्याच महामार्गाच्या कोंडीत जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईकडे निघालेली एक जखमी महिला रुग्णवाहिकेतच दगावली. ज्याच्याकडे पैसा आहे तो घराजवळच हृदयरोगतज्ज्ञ गाठतो. ज्याच्याकडे नाही त्याचे आयुष्य ट्रॅफिकच्या हातात. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. त्यानंतर पश्चिम पट्ट्यातली गावे आत की बाहेर, यावर वर्षानुवर्षे आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या सगळ्या वादात "रात्री दोन वाजता ईसीजी कुठे निघेल?" हा प्रश्न किती जणांनी विचारला?

कोविडच्या काळात हे सारे उघडे पडले. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि श्वासासाठी झगडणारे १३ रुग्ण त्या दिवशी मेले. श्वास वाचवायला आणलेली माणसे धुरात गेली. त्या वेळी घराघरात ऑक्सिमीटर आले. आता ती यंत्रे खणात पडून आहेत. ती काढा, सेल बदला. विश्रांती घेत असताना आकडा ९४ च्या खाली आला तर ताबडतोब निघा. मात्र हेही ध्यानात ठेवा की आकडा ९८ आला म्हणून हार्ट अटॅक नाही असे सिद्ध होत नाही. यंत्र ऑक्सिजन मोजते, हृदयाची बंद वाहिनी मोजत नाही.

रस्ता पार केला तरी दार उरते. "आधी डिपॉझिट भरा!" हे वाक्य किती जणांनी ऐकले असेल? बांधवांनो, हे वाक्य कायद्याने तुम्हाला ऐकवताच येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भंग, असा निर्णय दिला. तो खटला कुणासाठी होता? लोकलमधून पडलेल्या आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलेल्या एका शेतमजुरासाठी! मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचे असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. कागदावर सारे आहे. पण कागद वाचणारा माणूस रात्री दोन वाजता रुग्णाजवळ हवा ना!

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडून कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करून घेतली गेली आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी पडणे हा कामगाराचा गुन्हा नाही, त्याच्या उपचाराची जबाबदारी व्यवस्थेची आहे, हा त्यामागचा विचार. पण वाडीत भाजी खुडणारी आणि दोन घरची भांडी घासणारी आमची ताई त्या विम्याच्या बाहेरच राहिली. तिला एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. म्हणून ती "जरा थकवा आहे" म्हणाली. ती अडाणी होती म्हणून नव्हे, तिला आजारी पडणे परवडत नव्हते म्हणून!

शासनाला दोन शब्द सुनावणे सोपे आहे, आणि ते सुनावलेच पाहिजेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात चोवीस तास ईसीजी आणि तो वाचणारा माणूस हवा. गासचा रस्ता रुग्णवाहिकेपुरता तरी पाण्याच्या वर उचलला पाहिजे. धर्मादाय खाटांचा हिशेब रुग्णालयाच्या दारावर लागला पाहिजे. टाकीत माणूस उतरवणाऱ्या ठेकेदाराबरोबर सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला पाहिजे.

पण आपले काय? १४ एप्रिलला डीजेवर किती खर्च होतो हे आम्ही इथे लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या मंडळाची पावतीपुस्तके उघडून पाहावीत. त्यातल्या एका रात्रीच्या आवाजाच्या पैशात विहारात रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र आणि ऑक्सिमीटर येते. आमच्यातून शिकून परिचारिका आणि डॉक्टर झालेली मुले-मुली आता थोडी नाहीत. त्यांना जयंतीला हार घालून घरी पाठवू नका. महिन्यातला एक रविवार त्यांच्याकडून मागून घ्या. विहाराच्या फळ्यावर १०८ हा आकडा, जवळच्या रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता आणि गाडी असलेल्या दोन कार्यकर्त्यांचे क्रमांक लिहून ठेवा. महिला मंडळाने घरोघरी एवढेच शिकवावे: अचानक दम लागला तर माणसाला बसते करा, आडवे झोपण्याचा आग्रह धरू नका, जिने चढवू नका, चालवत नेऊ नका. दम्याचा रुग्ण असेल तर त्याचा पंप त्याला द्या. १०८ ला फोन करा, चालू गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. दवाखान्यात मधुमेह, रक्तदाब, बाळंतपण, ऑपरेशन यांतले जे असेल ते न विचारता सांगा. आणि "ईसीजी काढा" असे स्पष्ट म्हणा. पहिला ईसीजी ठीक आला आणि त्रास चालूच राहिला, तर पुन्हा काढायला सांगा. लाजू नका, हा तुमचा हक्क आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. सोपाऱ्याच्या स्तूपाला बुद्धपौर्णिमेला आपण हजारोंनी जातो. १८८२ मध्ये पं. भगवानलाल इंद्रजी यांनी तो उत्खननाने उजेडात आणला. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पण गासच्या शेजारच्या भुईगावात १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मक्रांतीच्याच वर्षी, अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्या नवव्या शिलालेखात काय आहे? आजारपणात, लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. सम्राट म्हणतो, त्यांचे फळ अल्प आहे. खरे मंगल आहे धम्माचे आचरण, आणि त्यात पहिल्यांदा येते ती दास आणि सेवकांना दिलेली नीट वागणूक. याच अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे नोंदवले आहे. बावीसशे वर्षांपूर्वी या मातीत एका राजाने आजारपणातल्या कर्मकांडाला निरर्थक ठरवले, आणि त्याच मातीवर उभे राहून आम्ही आज नजर काढतो!

ताईच्या मुलाने त्या दिवशी निघताना विचारले, "काका, मी पहिल्याच दिवशी नेले असते तर आई वाचली असती?" आम्ही त्याला खोटा दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. इतकेच म्हणालो, "बाळा, तुला कुणी सांगितले नव्हते. आता तू चार जणांना सांग." पुढच्या जलदान विधीत "आली वेळ टळत नाही" म्हणायला जो कुणी उभा राहील, त्याला खाली बसवा आणि त्या जागी उभे राहून दम लागण्याची कारणे सांगा. गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाचा याहून चांगला मार्ग आम्हाला दिसत नाही.

जयभीम!